शेवटचा कान : मास्टरिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

१९७७ साली अवकाशात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि तिच्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे मराठी रसिक अभिमानाने सांगतात. त्याच तबकडीचा आणखी एक तपशील मात्र क्वचितच कुणाच्या बोलण्यात येतो. नेहमीची एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. व्हॉयेजरची तबकडी १६⅔ फेऱ्यांच्या वेगासाठी कापलेली आहे. सुमारे दीड तासाचे जगभरचे संगीत, ५५ भाषांतले नमस्कार (त्यात मराठीही आहे), निसर्गातले आवाज आणि ध्वनीच्या रूपात साठवलेली चित्रे एवढे सगळे तिच्यात बसवायचे होते. वेग निम्मा केला की वेळ दुप्पट मिळतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. वरच्या पट्टीतल्या बारीक लाटा निम्म्या लांबीत कोराव्या लागतात, त्या इतक्या दाट होतात की सुईला नीट वाचता येत नाहीत, आणि तंबोऱ्याच्या जवारीची चमक सगळ्यात आधी मावळते. वेळ हवा की चमक हवी, हा निर्णय गाणे गाऊन झाल्यावर आणि ते श्रोत्याच्या हाती पडण्याआधी कुणाला तरी घ्यावा लागतो. असे निर्णय घेण्याचे काम म्हणजे मास्टरिंग. हे पुस्तक त्या कामाबद्दल आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला आधी त्याची जागा कळायला हवी. ध्वनिमुद्रणात गायक-वादकांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले जातात. मिक्सिंगमध्ये ते ट्रॅक एकत्र बसवून त्यांचे एक स्टिरिओ गाणे केले जाते. मास्टरिंग करणाऱ्याकडे येते ते हे तयार गाणे. आता त्याला एकट्या तबल्याला हात लावता येत नाही, एकट्या गळ्यालाही नाही. जे करायचे ते सगळ्यावर एकदम होते. तीन किलोहर्ट्‌झच्या आसपास हार्मोनियम टोचते म्हणून तिथे अर्धा डेसिबल कमी केला, की गायिकेच्या शब्दांची धारही तेवढीच बोथट होते. म्हणून या कामात बदल छोटे असतात आणि ते करायचे की नाही याचा विचार मोठा असतो. अल्बममधली गाणी एकमेकांशेजारी शोभतील अशी बसवणे, दोन गाण्यांमधली शांतता ठरवणे, सुरुवात-शेवटची खरखर-टिकटिक काढणे, प्रत्येक गाण्याला त्याचा आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकी ओळखक्रमांक जोडणे, आणि तबकडी, सीडी, स्ट्रीमिंग, प्रसारण या प्रत्येकासाठी बिनचूक फाइल बनवणे, एवढे सगळे या एका खोलीतून बाहेर पडते.

आपल्याकडे ‘मिक्स-मास्टर’ हे एका दमात म्हणण्याची सवय आहे आणि बहुतेक वेळा ते एकच माणूस, एकाच रात्रीत, एकाच खुर्चीवर बसून करतो. पैशांची अडचण मला समजते. पण या सवयीमुळे आपण एक फार मोलाची गोष्ट गमावतो: ताजा कान. मिक्स करणाऱ्याने ते गाणे शेकडो वेळा ऐकलेले असते. गायिकेचा श्वास कुठे आहे, बासरी कुठे येते, हे त्याला पाठ झालेले असते, आणि पाठ झालेली गोष्ट कानाला ऐकू आली नाही तरी मन ती भरून काढते. मास्टरिंग करणारा ते गाणे पहिल्यांदा ऐकतो. गाण्याच्या बाजूने तो शेवटचा कान असतो आणि श्रोत्यांच्या बाजूने पहिला. या पुस्तकामागची माझी भूमिका यातूनच आली आहे. मास्टरिंग हे आधी ऐकण्याचे आणि मग हात लावण्याचे काम आहे, आणि आपल्या संगीतासाठी ते ऐकणे आपल्याच संगीतातून शिकावे लागते. बाहेरून आलेले आकडे आणि प्लगइनचे तयार प्रीसेट त्यासाठी पुरत नाहीत.

इतिहासाकडे वळू. १९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात आला आणि त्याने गायिका गौहर जानचा आवाज मेणाच्या तबकडीवर घेतला. त्या ध्वनिमुद्रिका छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. १९०८ मध्ये कंपनीने कलकत्त्यातच छपाईचा कारखाना काढला. त्या काळात मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यासमोर उभा राहून गायचा, आवाजाच्या जोराने पडदा थरथरायचा आणि सुई थेट मेणात खाच पाडायची. तान घेताना मागे सरकायचे आणि मंद्रात जाताना पुढे यायचे, असा आवाजाचा तोल गायक स्वतःच्या शरीराने राखायचा. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, एवढीच जागा. ख्याल त्या जागेत मावत नव्हता. तरीही अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी त्या चौकटीतही रागाचा जीव ठेवला, आणि अल्लादिया खाँसाहेबांसारख्यांनी तबकडीसाठी गायलेच नाही. माध्यम संगीताचा आकार ठरवते, हा मास्टरिंगचा पहिला धडा आहे आणि आपल्या संगीताने तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला.

१९२५ मध्ये विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. मायक्रोफोन आणि कापणारी सुई यांच्यामध्ये आता अॅम्प्लिफायर होता, म्हणजेच एक बटण होते, आणि त्या बटणावर कुणाचा तरी हात होता. आपल्या व्यवसायाचे मूळ त्या हातात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन तंत्रावर बेतलेला चुंबकीय टेप अमेरिकेत पोचला; १९४८ मध्ये अँपेक्सचे टेप रेकॉर्डर आले आणि त्याच वर्षी कोलंबियाने एल.पी. आणली. मग कामाचे दोन भाग झाले. संगीत टेपवर ध्वनिमुद्रित व्हायचे आणि नंतर दुसऱ्या खोलीत, दुसरा माणूस ते टेपवरून तबकडीवर उतरवायचा. सुरुवातीला तो नुसता उतरवणारा तंत्रज्ञ मानला जाई. पण टेपवर जे मावते ते तबकडीत मावेलच असे नसते, आणि तिथेच त्याच्या कौशल्याची गरज पडू लागली.

या कापण्याच्या खोलीत थोडे थांबायला हवे, कारण आजची कितीतरी कौशल्ये तिथे जन्मली. लेथवर लॅकरची काळी, मऊ तबकडी फिरत असते आणि तापवलेली सुई तिच्यात सर्पिल खोबण कापत आत सरकते. खर्जाचे आवाज खोबणीला जास्त डोलवतात, म्हणजे जास्त जागा खातात. खर्ज जितका जोरात, तितका वेळ कमी. एल.पी.ची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांच्या पुढे नेली की आवाज उतरवावाच लागतो. डाव्या-उजव्या बाजूंचा खर्ज एकमेकांविरुद्ध असला तर सुई वर-खाली उडते आणि खोबण मध्येच तुटते, म्हणून खर्ज मध्यभागी आणावा लागतो. बाहेरच्या कडेला एका फेऱ्याची लांबी जास्त असते, आतल्या बाजूला कमी, म्हणून शेवटच्या गाण्यातला ‘स’ आणि ‘श’ तिथे फाटतो. बाजूचे शेवटचे गाणे शांत ठेवण्याची पद्धत पडली त्यामागे हेही एक कारण आहे. खर्ज कमी करून कापायचा आणि वाजवताना तितकाच वाढवायचा, याचे एक सर्वमान्य वळण १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, ठरवून दिले. कापणाऱ्याला या सगळ्या मर्यादा पाठ असाव्या लागत, आणि त्या मर्यादेत राहून गाणे सुंदर कसे वाजेल याचा अंदाजही असावा लागे. मास्टरिंग इंजिनिअर बॉब लडविगने १९६९ मध्ये कापलेल्या ‘लेड झेपलिन टू’ची हकीकत प्रसिद्ध आहे. त्याने ती तबकडी इतकी भरघोस कापली की स्वस्तातल्या प्लेअरवर सुई उड्या मारू लागली आणि कंपनीने ती पुन्हा, सौम्य करून कापून घेतली. त्या पहिल्या छपाईच्या प्रती, ज्यांच्यावर ‘आरएल’ ही त्याची आद्याक्षरे कोरलेली आहेत, आज संग्राहक शोधत फिरतात. दोन्ही बाजू मला पटतात. कंपनीला तिचे ग्राहक सांभाळायचे होते आणि लडविगला ते संगीत.

त्याच सुमारास मास्टरिंग रेकॉर्ड कंपन्यांच्या आवारातून बाहेर पडले. लॉस एंजेलिसमध्ये डग सॅक्स आणि त्याच्या साथीदारांनी १९६७ मध्ये ‘द मास्टरिंग लॅब’ काढली, न्यूयॉर्कमध्ये १९६८ मध्ये ‘स्टर्लिंग साउंड’ सुरू झाले, पुढे १९८४ मध्ये बर्नी ग्रंडमनने स्वतःचा स्टुडिओ थाटला. आपल्याकडे हे वळण उशिरा आले. मुंबईत चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणात मिनू कात्रक, कौशिक, रॉबिन चॅटर्जी यांच्यासारखे रेकॉर्डिस्ट शंभर वादकांचा मेळा मोजक्या मायक्रोफोनवर एका टेकमध्ये पकडत. तोल तिथल्या तिथे साधायचा, नंतर दुरुस्तीला वाव फारसा नसायचा. चित्रपटाच्या अंतिम ध्वनिमिश्रणात राजकमलचे मंगेश देसाई यांचे नाव आजही आदराने घेतात. ‘शोले’चे ध्वनिमिश्रण त्यांचे. ही माणसे मास्टरिंग इंजिनिअर म्हणवत नसत, पण शेवटी कान कसा लावायचा हे ज्यांना शिकायचे आहे त्यांनी त्यांची कामे लक्ष देऊन ऐकावीत.

कॅसेटवर फार रेंगाळत नाही. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली ही पेटी १९८० च्या दशकात गावोगाव पोचली, भजने, लावण्या, भारुडे, तमाशांचे वग स्वस्तात घरात आले, पुण्यात अलूरकरांनी मैफिलींच्या कॅसेट रसिकांपर्यंत नेल्या. तंत्राच्या अंगाने त्या काळी टेपच्या सुस्काऱ्यावर मात करणे हेच मोठे काम होते. जे ऐकायला मिळाले ते मात्र अनमोल आहे.

१९८२ मध्ये सीडी आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, आणि सर्वांत हलक्या व सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर. तबकडीत कधीच न मिळालेली ही मोकळीक होती. संगीताची दुनिया या मोकळिकीत पसरेल असे वाटले होते, घडले उलटे. १९९४ मध्ये ‘वेव्हज एल-१’ हा पुढचा आवाज आधीच पाहून ठेवणारा सॉफ्टवेअर लिमिटर आला आणि शिखरे दाबून संपूर्ण गाणे छताला नेऊन टेकवणे सोपे झाले. शेजारच्या सीडीपेक्षा आपली सीडी मोठी वाजली पाहिजे, ही स्पर्धा लागली. यामागे मानवी कानाचा एक स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की आवाज लहान असताना कानाला खर्ज आणि वरच्या पट्टीचे टोक कमी ऐकू येते. आवाज वाढवला की तेच गाणे भरदार आणि चकचकीत वाटते. म्हणून एकच गाणे दोनदा ऐकवले आणि दुसऱ्या वेळी ते फक्त एक डेसिबल मोठे लावले, तर बहुतेक माणसे दुसरे चांगले म्हणतात. काय बदलले ते त्यांना सांगता येत नाही. मेटालिकाच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बममध्ये हे टोक गाठले गेले. त्याच गाण्यांची ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली आवृत्ती कमी दाबलेली होती, आणि सीडीपेक्षा ती चांगली वाजते असे चाहत्यांनीच जाहीरपणे म्हटले. ढोल वाजतो त्या क्षणी बाकी सगळे लहान व्हायचे आणि ढोल संपला की पुन्हा सुजायचे, असा आवाज वीस मिनिटे ऐकला की डोके दुखते. श्रोत्याला कारण कळत नाही, तो फक्त गाणे बंद करतो.

पुढे मोजमाप बदलले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये बीएस १७७० हे परिमाण आणले, ज्यात शिखराऐवजी कानाला जाणवणारा मोठेपणा मोजला जातो; त्याचे एकक एलयूएफएस. युरोपच्या प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ ही पातळी ठरवली. स्ट्रीमिंग सेवा आता प्रत्येक गाणे आपापल्या पातळीवर आणतात. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे उणे १४ धरते, अॅपल उणे १६. याचा हिशेब नवोदितांनी नीट समजून घ्यावा. गाणे दाबून-दाबून उणे ८ वर नेले, तर स्पॉटिफाय ते सरळ सहा डेसिबलने खाली आणते. मोठेपणा जातो, दाबल्याची हानी मात्र तशीच राहते. यातून आता दुसरी अंधश्रद्धा निघाली आहे: प्रत्येक गाणे बरोबर उणे १४ वर बसवायचे. ते आकडे सेवेच्या प्लेअरसाठी आहेत, गाण्यासाठी नव्हेत. विलंबित ख्यालाचा अल्बम उणे २० वर सुंदर असेल तर त्याला उणे २० वरच राहू द्यावे. एका लावणीला उणे ९ शोभत असेल तर तेही ठीक.

या क्षेत्रातली घराणी मोजायची तर त्यांच्या सीमा धूसर आहेत. लेथवर वाढलेल्यांचे पहिले घराणे: मर्यादेचा आदर करणारे, एखाद-दुसऱ्या इक्वलायझरने आणि फार थोड्या दाबाने काम करणारे. डग सॅक्सच्या ‘शेफील्ड लॅब’ने तर टेपही बाजूला सारला आणि वादन थेट तबकडीवर कापले. दुसरे घराणे पॉप आणि रॉकचे. गाण्याला धक्का, घनता, रेडिओवर उठून दिसणे याला ते महत्त्व देते, आणि त्याच्यात थोर माणसे आहेत. तिसरे घराणे डिजिटल काळाचे. बॉब कॅट्झचे २००२ मधले ‘मास्टरिंग ऑडिओ’ हे पुस्तक त्याचा पाया मानले जाते. मोजमाप, डिदर (बिट कमी करताना मिसळायचा सूक्ष्म गोंगाट), मॉनिटरची पातळी ठरवून ठेवणे यावर त्याचा भर आहे, आणि मोठेपणाच्या स्पर्धेविरुद्ध कॅट्झने वर्षानुवर्षे सातत्याने आवाज उठवला. चौथे घराणे जुन्या आवाजांच्या जीर्णोद्धाराचे. माझ्या मते मराठी तरुणांसाठी सर्वाधिक काम याच घराण्यात पडून आहे.

जीर्णोद्धाराचे एक उदाहरण जवळून पाहू. जुन्या तबकडीवर ‘७८’ म्हटलेले असते, पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वेग कंपनीगणिक आणि सत्रागणिक बदलत असे. एखादी तबकडी ७४ फेऱ्यांनी कापली असेल आणि आपण ती ७८ ने वाजवली, तर गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. पांढरी एकमध्ये गाणारा गवई काळी एकमध्ये गाताना ऐकू येतो, तान अधिक चपळ वाटते, आणि त्या गवयाच्या गळ्याबद्दल दोन पिढ्या चुकीचे मत बनवून बसतात. हे दुरुस्त करायला सॉफ्टवेअर पुरत नाही. त्या गायकाच्या इतर ध्वनिमुद्रिका, साथीच्या हार्मोनियमची पट्टी, गळ्याचा पोत, सगळे ताडून पाहावे लागते. सुईचे टोकही योग्य रुंदीचे हवे, एल.पी.ची बारीक सुई जुन्या रुंद खोबणीच्या तळाशी जाऊन धूळच वाचते. मुंबईतल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि सुरेश चांदवणकरांसारख्या अभ्यासकांनी या तबकड्यांची माहिती जपली नसती, तर हे काम सुरूही करता आले नसते. घरोघरच्या कपाटांत, नाट्यसंस्थांच्या माळ्यांवर आणि आकाशवाणीच्या संग्रहांत टेप आहेत, आणि टेपवरचा लेप वर्षागणिक खराब होतो आहे. इथे उशीर परवडणार नाही.

याच काळात या पुस्तकाची गरज का वाटली, याला आणखीही कारणे आहेत. २०१४ पासून ‘लँडर’सारख्या सेवा गाणे आपोआप मास्टर करून देतात, आणि मिनिटाभरात बऱ्यापैकी निकाल देतात. साध्या पॉप गाण्याला ते चालूनही जाते. पण अशी यंत्रणा जे ऐकून शिकली आहे त्यात ख्याल, अभंग, संबळ, हलगी किती असेल? हलगीची चामडी तापवून ताणलेली असते, तिचा ठोका सुरुवातीला विलक्षण टोकदार असतो. पॉपच्या ड्रमची सवय झालेली यंत्रणा त्या टोकालाच दोष समजून कापते. ‘सैराट’ (२०१६) मध्ये चारच गाणी आहेत, त्यांत हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेला सिंफनी वाद्यवृंदही आहे आणि ‘झिंगाट’चा दणकाही. अशी गाणी एका अल्बममध्ये शेजारी नांदवायची तर आधी ऐकणाऱ्याला दोन्ही जगे ओळखीची हवीत. दुसरीकडे, घरच्या खोलीत बसून गाणी करणारी मुले नांदेड, सांगली, कुडाळपासून शिकागोपर्यंत वाढली आहेत. अॅपलने २०२१ मध्ये डॉल्बी अॅटमॉसमधले संगीत सुरू केल्यापासून सभोवार पसरलेल्या आवाजाचे मास्टरिंगही दारात आले आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपटध्वनीचे उत्तम शिक्षण मिळते, पण संगीताच्या मास्टरिंगचा पद्धतशीर अभ्यास मराठीत कुठे उपलब्ध नाही, आणि इंग्रजी पुस्तकांतली बहुतेक उदाहरणे गिटार, बेस आणि ड्रमची असतात.

नवोदित पहिला प्रश्न विचारतात तो कुठले प्लगइन घ्यायचे, हा. माझे उत्तर खोलीपासून सुरू होते. बारा फूट लांबीची खोली घ्या, आपल्याकडच्या फ्लॅटमधली बेडरूम साधारण एवढीच असते. या लांबीत ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज भिंतींमध्ये अडकून उभा राहतो आणि त्याच्या दुपटीला, ९४ हर्ट्‌झला, पुन्हा तसेच घडते. खुर्ची बरोबर मध्यावर ठेवली तर पहिला स्वर तिथे जवळजवळ नाहीसा होतो आणि दुसरा फुगतो. आता डग्गा ऐका. त्याची घुमक या दोन स्वरांच्या मधेच कुठेतरी फिरत असते, मींड घेतली की वर-खाली सरकते. त्या खुर्चीवर बसलेल्या मुलाला डग्गा एका जागी गडगडताना ऐकू येतो, तो ९४ ला कापतो, खाली भर घालतो, आणि समाधानाने फाइल पाठवतो. गाडीत, मंडपात, वडिलांच्या रेडिओवर तो डग्गा पोकळ आणि तरीही जड वाजतो. मुलाचा कान तयारीचा होता; त्याच्या खोलीने त्याची फसवणूक केली. खुर्ची मध्यापासून सरकवणे, कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर लावणे, स्पीकर आणि भिंतीमधले अंतर मोजून बदलत पाहणे, आणि मग ओळखीची गाणी त्याच खोलीत रोज ऐकून तिची खोड ओळखून घेणे, याला पर्याय नाही. चांगले हेडफोन तपासणीला उपयोगी पडतात, पण खोलीची जागा ते घेत नाहीत.

दुसरी गोष्ट तंबोऱ्याची. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात तंबोरा सर्वांत हलका असतो आणि सर्वांत महत्त्वाचाही, कारण गायकाचा प्रत्येक स्वर त्याच्यावर टेकलेला असतो. लिमिटर जोरात लावला की डग्ग्याच्या प्रत्येक ठोक्याला सगळेच क्षणभर दबते आणि लगेच उसळून वर येते. पॉपमध्ये या हालचालीला उत्साह म्हणतात. ख्यालात तंबोरा धापा टाकू लागतो. जाणता गायक हे ऐकून अस्वस्थ होतो, सूर हलतो आहे असे म्हणतो, आणि इंजिनिअर पिच तपासत बसतो, जी अगदी बरोबर असते. अशा वेळी उपाय मास्टरिंगच्या खोलीत शोधू नये. मिक्स करणाऱ्याला फोन करून डग्गा दीड डेसिबल खाली आणून नवी फाइल मागावी. ते शक्य नसेल, तर अल्बमची पातळी खाली ठेवावी आणि निर्मात्याला त्याचे कारण सांगावे. हे सांगण्याचे धैर्य दाखवणे आणि त्यामागची कारणे देणे हाही या व्यवसायाचा भाग आहे, आणि या पुस्तकात त्यावर बरीच पाने खर्ची पडली आहेत.

पुस्तकात काय नाही ते आताच सांगतो. कुठल्याही एका सॉफ्टवेअरची बटणे इथे शिकवलेली नाहीत. ती दर दोन वर्षांनी बदलतात. प्रीसेटचे आकडे दिलेले नाहीत. वाचक सुरुवातीला यामुळे वैतागतील याची कल्पना आहे, तरी ते जाणूनबुजून टाळले आहे. इक्वलायझर, कम्प्रेसर आणि लिमिटर आतून काय करतात हे गणिताच्या ओझ्याशिवाय, आपल्या वाद्यांच्या उदाहरणांवर समजावण्याचा प्रयत्न केला आहे: सारंगी, संवादिनी, पखवाज, चौघडा, ढोलकी, टाळ. टाळांनी एक स्वतंत्र भाग व्यापला आहे. दिंडीच्या ध्वनिमुद्रणात शेकडो टाळ एकत्र वाजतात, त्यांची वरची लकेर संपूर्ण गजरावर पसरते, आणि ती काढली तर अभंगाचा वारीशी असलेला संबंधच तुटतो. तिला जपून शब्द ऐकू आणणे ही आपल्याकडची एक खास, अवघड आणि आनंदाची कामगिरी आहे. त्यावर इतरत्र लिहिलेले काही न सापडल्यामुळे मी तिथे लांबण लावली आहे.

व्यवसायाची बाजूही टाळलेली नाही. गाण्यामागे किती पैसे मागावेत, दुरुस्त्या किती करून द्याव्यात, मूळ फाइल किती काळ सांभाळाव्यात, मिक्समध्ये दोष असल्यास ते मिक्स करणाऱ्याचा अपमान न करता कसे कळवावे, या गोष्टी कुणी शिकवत नाही, आणि नवखे इंजिनिअर नेमके तिथेच अडतात. नवोदितांनी पहिली काही वर्षे दुसऱ्या कामावर पोट चालवून हे काम करावे असे माझे स्पष्ट मत आहे. पोटासाठी घेतलेल्या घाईच्या कामांनी कान बिघडतो.

वाचण्याची पद्धत एकच सुचवतो. पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्याला मनापासून आवडणाऱ्या आठ-दहा ध्वनिमुद्रिका निवडा: एक ख्याल, एक नाट्यपद, एक लावणी, एखादे जुने चित्रपटगीत, एक अभंग, आणि बाकी तुमच्या आवडीच्या, परदेशी असल्या तरी चालतील. शक्य तितक्या चांगल्या प्रतीत त्या मिळवा, मीटर लावून सगळ्या कानाला सारख्याच मोठ्या लागतील अशा करून घ्या, आणि त्याच खोलीत, त्याच स्पीकरवर, आवाजाचे बटण न हलवता ऐका. खर्ज कुठे आहे, गळा किती पुढे आहे, तंबोरा किती ऐकू येतो, दोन गाण्यांमध्ये किती शांतता आहे, हे वहीत लिहून ठेवा. पुढची जवळजवळ सगळी प्रकरणे त्या वहीतल्या नोंदींशी ताडून वाचायची आहेत.